नकली सुटे भाग

आजचा विषय बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंचा आहे. कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, आयसी ही त्यांची नावे. या वस्तू घरच्या टीव्हीत असतात, लिफ्टमध्ये असतात, आणि ज्या प्रेसखाली कामगाराचा हात जातो तिच्या पॅनेलमध्येही असतात. यातली एखादी नकली निघाली की पहिला ठपका येतो तो दुरुस्ती करणाऱ्यावर.

एका कारखान्यात एकाच मशिनचे पॉवर सप्लायचे कार्ड महिन्यात तीनदा जळाले. डाग नीट दिला नाही म्हणून तरुण मेकॅनिकला चार्जशीट मिळाले. चौकशीच्या दिवशी आम्ही जळालेला कपॅसिटर करवतीने कापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. ॲल्युमिनियमच्या मोठ्या डबीत एक लहानसा, कमी क्षमतेचा कपॅसिटर बसवलेला होता! डबीवर नामांकित कंपनीचे नाव होते. माल कोणी आणला, तर खरेदी खात्याने. का आणला, तर चार रुपये स्वस्त पडला म्हणून. चार्जशीट मागे घेतले गेले, पण खरेदी खात्याला मात्र कोणी काही विचारले नाही.

आपण म्हणाल, मग नामांकित दुकानातूनच का घेऊ नये? अवश्य घ्यावा. अडचण अशी की यंत्र तीस वर्षे चालते आणि त्यातली आयसी कंपनी दहा वर्षांत बंद करते. अधिकृत वितरकाकडचा साठा संपला की माणूस खुल्या बाजारात उतरतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या, पुण्याची तपकीर गल्ली घ्या. तिथे प्रामाणिक दुकानदार पुष्कळ आहेत, पण त्यांच्याही हाती माल कुठून आला हे त्यांना दरवेळी ठाऊक असतेच असे नाही. बड्यांचीही हीच गत होते. अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत सैन्याच्या पुरवठ्यात संशयित नकली भागांची सुमारे १,८०० प्रकरणे तिला आढळली होती, आणि एकूण भाग दहा लाखांहून अधिक होते.

हा माल येतो कुठून? बराचसा भंगारातून. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ग्वीयू नावाचे गाव आहे. तिथे वर्षानुवर्षे जगभरचे जुने संगणक येत. कामगार बोर्ड शेगडीवर तापवून आयसी उपटून काढत. अशा जुन्या आयसीवरचे नाव घासून, वर काळा थर देऊन नवे नाव आणि नवी तारीख छापली की ती ‘कोरी’ होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या गावच्या मुलांच्या रक्तात शेजारच्या गावातील मुलांपेक्षा जास्त शिसे सापडले. स्वस्त मालाच्या किमतीत हेही धरावयास हवे. आपले हिशेबनीस ते धरत नाहीत.

आता ओळखायचे कसे? आयसीवर बहुधा चार आकडे असतात: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. २३१४ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. जो भाग कंपनीने त्याआधीच बंद केला, त्यावर अशी तारीख दिसली तर आणखी तपासण्याची गरज नाही. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस पाठीवर घासावा. काळे सुटले तर भाग रंगवलेला आहे. मात्र सुटले नाही म्हणून अस्सलच, असे समजू नये, कारण हल्लीचे काही थर ॲसिटोनला दाद देत नाहीत. कपॅसिटर किंवा २एन३०५५सारखा धातूच्या टोपीचा पॉवर ट्रान्झिस्टर खात्रीच्या नगाबरोबर काट्यावर तोलावा. या ट्रान्झिस्टरच्या नकली नगात टोपी मोठी आणि आतला सिलिकॉनचा तुकडा लहान असतो. मीटरवर तो ठीक दाखवतो, पण भार पडताच जातो. म्हणून मीटरवर भिस्त ठेवून मशिन चालू करू नये. आधी भार देऊन पाहावे.

खरेदीची पक्की पावती घ्यावी, आणि कोणता भाग कोणत्या पावतीवरचा हे जॉब कार्डावर लिहावे. चौकशीत हाच कागद मेकॅनिकच्या बाजूने बोलतो. संशयित नग दुकानदाराला परत करून पैसे मागण्याचा मोह होईल. पण तो नग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती जातो. पैशाचा हट्ट धरावा, पण नगाचे पाय कापून मगच तो द्यावा. आणि कारखान्याचे जुने बोर्ड वजनावर रद्दीवाल्याला विकू नयेत. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावेत, असे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम सांगतात. आपल्याच बोर्डावरची आयसी नवे नाव घेऊन आपल्याच स्टोअरमध्ये परत येण्याची वाट तिथूनच सुरू होते.