सुरमईविना दोन महिने

मस्कतमधल्या आम्हा कोकणी घरांची दरवर्षी एक गंमत होते. मुलांच्या सुट्टीत गावी जावे, तर पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. ताज्या सुरमईची आस धरून परत यावे, तर ओमानात 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर सुरमई पकडायलाच मनाई!

एका वर्षी अम्मी आमच्यासोबत रत्नागिरीहून आल्या. घरी पाहुणे येणार होते. मतरहच्या मासळी बाजारात आम्ही 'कनद' मागितली. इथे सुरमईला हेच नाव. विक्रेत्याने मान हलवली, "मम्नू." बंदी आहे. आम्ही हळूच विचारले, आत एखादी ठेवली असेल तर? तो हसला. "हे तिचे अंडी घालायचे दिवस. आज तुम्ही खाल, मग पुढे मुलांना काय देणार?"

शरमून आम्ही शेरी मासा घेतला. घरी आमसुले संपली होती. अम्मींनी नारळाच्या कालवणात लूमी टाकली. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात खडखडीत वाळवलेले लिंबू. त्याला टोचून भोक पाडायचे, कडू बिया काढायच्या आणि रश्शात सोडायचे. आंबटपणाला किंचित धुरकट वास येतो. दस्तरखानावर सुरमईची आठवणही कोणी काढली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सूर शहरापलीकडे रास अल-जिन्झला गेलो. तिथे हिरवी समुद्री कासवे रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. उजेडाने ती बिचकतात, म्हणून मोबाइल बंद ठेवून वाटाड्यामागे निमूट चालायचे. एक मादी खड्ड्यात बसली होती. चेंडूसारखी पांढरी अंडी एकामागून एक पडत होती. एका वेळी ती शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले आपली आपणच बाहेर येतात. त्यांतली कितीतरी कोल्ह्यांच्या, पक्ष्यांच्या आणि माशांच्या तोंडी जातात.

अम्मी हळूच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी किनाऱ्यावरची ही अंडी लोक टोपलीत भरून नेत. मीही पाहायला पळायची." आता त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, वेळासला, गावकरीच कासवांची घरटी राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात, हे आम्ही त्यांना सांगितले.

परतताना मुलाने विचारले, "अंडी नेली तर कासवाला कळतं का?" अम्मींनी त्याला अबू दाऊदमधली हदीस सांगितली. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि पिल्ले तिला परत करायला सांगितली.

आम्ही परदेशात आलो की आधी हलाल कुठे मिळते ते शोधतो. ते शोधायलाच हवे. पण हलाल वस्तूलाही वेळ असते. सुरमई हलालच आहे, तरी तिच्या अंड्यांच्या दिवसांत हात आखडता घेणे हीदेखील अमानत सांभाळणेच आहे.

ऑक्टोबरात बंदी उठली. त्याच विक्रेत्याने आम्हाला लांबूनच हाक मारली. सुरमई अम्मींनी स्वतः निवडली. मुलाने मात्र आधी विचारले, "हिची अंडी घालून झाली ना?"