छतरी आहे, पण समाधी नाही!

अकोल्या-अमरावतीत वीकेंडला जायचं कुठं, हा आपला ठरलेला रडका प्रश्न. चिखलदरा झालं, शेगाव झालं, पुढे काय? माझं उत्तर आहे बाळापूर. अकोल्यापासून जेमतेम २५ किलोमीटर, म्हणजे चहा थंड व्हायच्या आत पोहोचाल!

तिथं मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. एलिचपूरचा (आजचं अचलपूर) नवाब इस्माईल खान याने तो १७५७ मध्ये पूर्ण केला. पण मी सांगतेय ती गोष्ट गावाच्या दक्षिणेला, नदीकाठच्या काळ्या दगडी छतरीची. मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते.

कोणाची समाधी?

पाहायला येणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. आपल्याकडे छतरी म्हटलं की राजेरजवाड्यांचं दहनस्थळ आठवतं ना! पण मिर्झाराजांचा मृत्यू १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला झाला आणि त्यांची स्मारकछतरीही तिकडेच आहे. बाळापूरची छतरी म्हणजे चारी बाजूंनी वारा घेणारा, नदीकडे बघत बसायचा मंडप. दोन्हींचा आराखडा एकच असतो: उंच चौथरा, खांब, कमानी, सावली धरणारा आणि पाऊस भिंतीपासून लांब फेकणारा छज्जा. राजपुतांनी याच आकारात मृतांची आठवण जपली आणि याच आकारात जिवंतपणी हवाही खाल्ली. साधारण २५ फूट लांब-रुंद आणि ३३ फूट उंच असं हे बांधकाम फोटोत दिसतं त्यापेक्षा प्रत्यक्षात बरंच भारदस्त आहे.

रोमनांचंही असंच

रिकामं स्मारक ही कल्पना नवी नाही, बरं का. रोमन सेनापती द्रुसुस इसवी सनापूर्वी ९ मध्ये जर्मनीच्या मोहिमेत गेला. त्याच्या अस्थी रोमला नेल्या, पण सैनिकांनी आजच्या माइन्झ शहरात त्याचं दगडी स्मारक उभारलं. ते आजही आहे, पण बाहेरचे घडीव दगड कधीच गेलेत. उरलाय तो ओबडधोबड, सुमारे २० मीटर उंचीचा गाभा.

'काहून जपायची?'

ऑफिसातल्या एका मित्राने मला थेट विचारलं, "ज्याने महाराजांकडून २३ किल्ले घेतले, त्याची छतरी काहून जपायची?" प्रश्न रास्त आहे. जून १६६५ चा पुरंदरचा तह याच मिर्झाराजांनी घडवला. पण पुढचंही बघा. विजापूरची मोहीम फसली, १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, औरंगजेबाची मर्जी फिरली आणि दख्खनचा सुभा हातून गेला. परतीच्या वाटेवर, बुऱ्हाणपुरात, मृत्यूने गाठलं. समोरचा मोहरा केवढा होता हे कळल्याशिवाय महाराजांची झेप कशी मोजणार? म्हणून मला ही छतरी हवी आहे, दगड न् दगड जागेवर असलेली. माइन्झसारखा नुसता गाभा नको.

तेव्हा दगडावर 'बदाम' कोरू नका, कचरा परत आणा, एवढं पुरे.

टिप्स: सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात दुपार टाळा. छतरीसोबत किल्ल्याची एकामागोमाग असलेली दारं बघायला विसरू नका. अमरावतीकरांनो, तुम्ही मात्र अख्खा दिवस काढा!