गप्प बसणारी पेटी

मे महिन्यातल्या दुपारी पाटोद्यात फायबरचं काम काढायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. भाच्याच्या गाडीच्या डिकीत सबवूफरसाठी पेटी करायची होती. पत्र्याच्या शेडमध्ये आइस्क्रीमचा रिकामा डबा भरून पॉलिएस्टर रेझिन घेतलं, हार्डनर टाकला, ढवळलं. चार फटकारे मारून होतात तोच डब्यातलं रेझिन दह्यासारखं विरजलं. मग डबा हातात धरवेना, आणि थोड्या वेळाने त्यातून धूर यायला लागला. ब्रश आतच राहिला. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, ऊन उतरू द्या म्हणलं होतं ना!"

रंग सुकतो, तसं रेझिन सुकत नाही. त्यात लांबलचक रेणूंच्या साखळ्या स्टायरिन नावाच्या द्रवात विरघळलेल्या असतात. हार्डनरमधलं पेरॉक्साइड फुटलं की स्टायरिन या साखळ्यांना एकमेकींशी बांधत सुटतं आणि सगळ्याचं मिळून एकच जाळं होतं. या बांधणीत उष्णता निघते आणि ती उष्णता बांधणीचा वेग आणखी वाढवते. पातळ थर दिला तर ती हवेत निघून जाते. खोल डब्यात कोंडते. त्यात शेडखाली चाळिशीपार गेलेला पारा. आता आम्ही सकाळी सहाला बसतो, पसरट ताटलीत पाव किलोच रेझिन घेतो आणि हार्डनर शेकडा दोनऐवजी एकच टाकतो. एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. वेग वाढवायला वापरतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर शेवटी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

पण मुळात पेटी कशाला? वूफर नुसता हातात धरून गाणं लावून बघा. बेस गायब. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. 40 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर भरते. एवढ्या लांब लाटेला वीतभर कड म्हणजे काहीच नाही. पुढची आणि मागची लाट कडेवरूनच एकमेकींना मिळतात आणि मिटतात. पेटी या दोघींची ताटातूट करते.

बंद पेटीतली हवा आणखी एक काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकला, तो उसळून मागे येतो. पेटीतली हवा तशीच स्प्रिंग असते. ही अडचण नसून सोय आहे, हे अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं. पडद्याची स्वतःची पकड सैल ठेवायची आणि त्याला आवरायचं काम कोंडलेल्या हवेवर सोपवायचं, ही त्यांची युक्ती. खोल बेससाठी तोवर कपाटाएवढा खोका लागायचा, तो त्यामुळे फडताळात मावू लागला.

आता थोडा हिशोब. बारा इंची वूफरचा पडदा एक सेंटिमीटर आत गेला की साधारण अर्धा लिटर हवा दाबली जाते. पेटी 30 लिटरची असेल, तर फूटभर लांब-रुंद भिंतीवर सुमारे 20 किलोचा जोर पडतो. म्हणजे 40 हर्ट्झच्या स्वराला ज्वारीचं वीस किलोचं पोतं कोणीतरी सेकंदाला चाळीसदा त्या भिंतीवर टेकवतंय आणि उचलतंय. सपाट प्लायवूड यात फुगतं, दबतं आणि स्वतःच वाजू लागतं. बाकदार भिंत तशी वाकत नाही. मातीच्या घागरीची भिंत किती पातळ असते आणि किती भार सोसते ते आठवा.

बाकदार पोकळी म्हटल्यावर आपल्याला मिरजेचा तंबोरा आठवणार. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा मिरजेला जातो आणि कारागीर त्याचा तंबोरा करतात. पण साम्य आकारापुरतंच. भोपळ्याने तारेबरोबर बोलावं यासाठी मिरजेत जीव ओततात. वूफरच्या पेटीने मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. टिचकी मारल्यावर 'टण्ण' वाजली तर काम फसलं. 'ठप्प' वाजली तर जमलं.

ती गप्प बसावी म्हणून काच लागते. केसाहून बारीक काचतंतूंची मॅट ताण सोसते आणि रेझिन तंतूंना जागेवर धरून ठेवतं. आपल्याकडे तुराट्यांच्या कुडाला शेणामाती लिंपतात, तोच न्याय. डिकीच्या कोपऱ्यात टेप आणि फॉइल चिकटवून त्यावर मॅटचे थर दिले की चाकाच्या कमानीचा हुबेहूब ठसा निघतो. एरवी तिथे स्टेपनीचा पानासुद्धा नीट बसत नाही, पेटी मात्र चपखल बसते आणि मधली जागा खताच्या गोणीला मोकळी राहते. पुढच्या बाजूला एमडीएफची रिंग उभी करून तिच्यावरून कापड ताणायचं, त्यात रेझिन मुरवायचं आणि कडक झाल्यावर आतून पुन्हा मॅट. घासताना उडणारी धूळ खाजकुयलीची थोरली बहीण आहे. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

गाडीत बंद पेटीच का, याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. ठरावीक स्वराच्या खाली बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो. पण काचा लावलेली गाडी हीसुद्धा एक पेटीच. साठेक हर्ट्झच्या खाली अर्धी लाटही तिच्यात मावत नाही, त्यामुळे आतली सगळी हवा एकदम दाबली-सोडली जाते आणि स्वर जितका खोल, तितका दाब वाढत जातो. हिशोबाने तोही दर सप्तकाला 12 डेसिबलच. एकीची घट दुसरी भरून काढते. प्रत्यक्षात काचा-दारांच्या फटींतून थोडं निसटतं, तरी छोट्या पेटीतून एवढा खोल बेस घरात कधी मिळत नाही.

शेजाऱ्यांचं काय? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण ती 'ए' मापातली. हे माप मंद आवाजाला कान जसा ऐकतो तसं बेतलेलं आहे आणि 40 हर्ट्झला जवळपास 35 डेसिबल वजा करतं. म्हणजे 90 डेसिबलचा धबधबाट यंत्रावर जेमतेम 55 दिसतो. शेजारच्या आजी "पत्रे थरथरतात" म्हणतात तेव्हा आकडा काहीही सांगो, त्यांचंच खरं मानावं.

राहिलं माप. वेड्यावाकड्या पेटीची लांबी-रुंदी कशी घेणार? रिंगच्या भोकातून लिटरच्या मापाने ज्वारी ओतत गेलो. 33 मापं बसली. वूफरच्या चुंबकाचे-सांगाड्याचे तीन वजा केले, 30 उरले. बहिणीची ज्वारी मात्र वाया गेली, कारण नव्या फायबरमधून आठवडे-आठवडे स्टायरिन उडत राहतं आणि धान्य तो वास ओढून घेतं. तुम्ही मापाल तेव्हा आत आधी प्लास्टिकची पिशवी घाला, आणि तरीही ती ज्वारी दळायला नेऊ नका, गुरांपुढेही टाकू नका.