वाजवणारा आरोपी, गाणारा बेदखल

लग्नसराईत जयपूरच्या यजमानाची संगीतचोरीविरोधी कायद्याशी गाठ पडते ती बहुधा पोलीस ठाण्यात नव्हे, हॉटेलच्या करारपत्रात. संगीताचा परवाना यजमानाने आणावा, अशी अट तेथे असते. घोडा, बँड, रोषणाई यांच्या खर्चात ही आणखी एक पट्टी, असे मानून यजमान पैसे मोजतो किंवा जबाबदारी डीजेवाल्याच्या गळ्यात टाकतो. वास्तविक १९९४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरातीला व विवाहाशी निगडित समारंभांना सूट दिली आहे. (शासकीय समारंभांनाही ती आहे, सरकार स्वतःची सोय सहसा विसरत नाही.) केंद्राने २४ जुलै २०२३ रोजी या सुटीचे जाहीर स्मरणही करून दिले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरवले. सूट कायम राहिली. तथापि पंचतारांकित दालनातील 'संगीत संध्या' विवाहविधीचा भाग की निव्वळ करमणूक, हा वाद मिटला नाही.

ही संदिग्धता दिवाणी दाव्यापुरती असती, तर बिघडले नसते. पण तिच्या शेजारी तुरुंग उभा आहे. १९५७ च्या मूळ कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड एवढीच शिक्षा होती. कॅसेटच्या सुळसुळाटानंतर १९८४ मध्ये कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आला. कलम ६४ ने पोलीस उपनिरीक्षकालाही वॉरंटाविना माल जप्त करण्याची मुभा दिली. गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

महाराष्ट्र त्याहून पुढे गेला. १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात झोपडपट्टीगुंड व हातभट्टीवाल्यांच्या रांगेत २००९ मध्ये 'दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' येऊन बसल्या. खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करता येईल, अशा धोकादायक इसमांत चोरट्या सीडीचा धंदा करणारा गणला गेला.

एवढी कठोरता असूनही लोकांच्या मनात धाक नाही आणि अपराधभावनाही नाही. याला केवळ फुकटेपणा म्हणणे सोपे आहे. लोकांना दिसते ते असे की, हाती लागतो तो मेमरी कार्डात गाणी भरून देणारा दुकानदार किंवा डीजेवाला. परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांपुढे मात्र न्यायालयेही संकेतस्थळ बंद करण्याच्या आदेशापलीकडे सहसा जाऊ शकत नाहीत. एक बंद झाले की दुसरे नाव बदलून उघडते. ज्या कायद्याचा दंडुका हाताच्या अंतरावर असलेल्यावरच पडतो, त्याला लोक कायदा न म्हणता वसुली म्हणतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

राजस्थानात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लंगा व मांगणियार गायकांच्या पिढ्यांनी यजमानांच्या लग्नांतच आपले संगीत जोपासले. त्यांच्या परंपरेतील 'निंबूडा' १९९९ मध्ये 'हम दिल दे चुके सनम'मधून देशभर गाजले. पारंपरिक गाण्याला ज्ञात रचनाकार नसतो, त्यामुळे कायद्याच्या लेखी त्याला मालकही नसतो; मालकी असते ध्वनिमुद्रण करणाऱ्याची, तीही ६० वर्षे. २०१२ मध्ये जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्याने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित झाला, ध्वनिमुद्रणात गाणाऱ्यालाही हक्क मिळाला. ज्या समाजाने ते गाणे सांभाळले, त्याला या हिशेबात स्थान नाही. जयपूरच्या मांडवात त्याच गाण्याची चित्रपटातील आवृत्ती वाजली, तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. त्यातील एक पैसाही बाडमेर-जैसलमेरच्या मांगणियार वस्तीकडे जाण्याची तरतूद कायद्यात नाही.