लायडनची थंडी आणि मळ्यातील भाजी : घरगुती फ्रीझरची निवड

थंडी निर्माण करण्याच्या शास्त्रात लायडन नगरीचे स्थान असाधारण आहे. १० जुलै १९०८ रोजी येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक हाइके कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायूचे प्रथमच द्रवात रूपांतर केले. त्यासाठी उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत उतरावे लागले, आणि एवढ्या खटाटोपानंतर हाती आला तो सुमारे साठ घनसेंटिमीटर द्रव! १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वास्तूत हे घडले तेथे आज कायद्याचे विद्यार्थी अध्ययन करतात. ते यंत्र मात्र याच शहरातील बूरहावे संग्रहालयात जिज्ञासूंना पाहावयास मिळते. आपल्या घरातील फ्रीझरला एवढी मजल मारावयाची नसते, त्याला उणे १८ अंश पुरतात. तथापि थंडी ही कोठून आणून भरावयाची वस्तू नसून, पदार्थातील उष्णता कष्टाने बाहेर काढून टाकणे म्हणजेच थंडी, हे त्या प्रयोगशाळेतील सत्य आपल्या स्वयंपाकघरातही तेवढेच खरे आहे. फ्रीझर घेताना ज्यांची फसगत होते त्यांना बहुधा याच गोष्टीचे विस्मरण झालेले असते.

आपल्या पूर्वजांना या यंत्राची गरज पडली नाही, कारण त्यांच्यापाशी ऊन होते. मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसला गेलेले कोकणातील कुणबी असोत, की ५ जून १८७३ रोजी 'लाला रूख' जहाजातून पारामारिबोला उतरलेले आणि पुढे १९१६ पर्यंत सुरिनामात येत राहिलेले सुमारे चौतीस हजार स्त्री-पुरुष असोत, भाजी टिकविण्याची विद्या त्यांच्या घरातील स्त्रियांनी पदराला बांधून नेली होती. सांडगे, वाळविलेल्या शेंगा, मिठात मुरविलेल्या मिरच्या आणि लोणची यांवर पावसाचे दिवस निभावत. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले, त्याच्या आगेमागे सहस्रावधी कुटुंबे नेदरलँड्सला आली. त्यांच्याबरोबर कारले आले, ज्याला येथील बाजारात 'सोप्रोपो' म्हणतात. हातभर लांबीची चवळीची शेंग 'काउसेनबांट' म्हणजे मोज्याचा बंद या गमतीदार नावाने आली. माठाची भाजी 'क्लारून' होऊन आली. ऊन तेवढे मागे राहिले. येथील दमट हवेत गच्चीवर घातलेले सांडगे वाळण्याआधी बुरसतात.

या भूमीचीही आपली म्हणून एक रीत होती. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला तेव्हा उपाशी लायडनकरांना शत्रूच्या सोडलेल्या छावणीत गाजर-कांद्याचे कालवण सापडले, अशी आख्यायिका आहे. 'हुत्स्पॉट' या नावाने ते आजही त्या दिवशी घरोघरी शिजते. कोबी आंबवून ठेवणे, घेवड्याच्या शेंगा चिरून मिठाच्या थरांत दगडी बरणीत दाबणे, हे येथील गृहिणींचे शरद ऋतूतील नित्यकर्म असे. पुढे १९५० च्या दशकात अनेक डच खेड्यांत सामाईक शीतगृहे उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाने त्यातील एक कप्पा भाड्याने घ्यावयाचा, आणि भाजी-मांस त्यात ठेवावयाचे. घरोघरी फ्रीझर आले तशी ती ओस पडली. असो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. भाड्याच्या मळ्यात किंवा परसात भाजी पिकविणाऱ्या कुटुंबाने किती मोठा फ्रीझर घ्यावा? दुकानात गेले की दृष्टी मोठ्या पेटीकडे वळते. परंतु थोडे गणित करून पाहावे. निवडून चिरलेल्या एक किलो शेंगांना फ्रीझरमध्ये साधारणपणे सव्वा ते दीड लिटर जागा लागते. पालेभाजी उकळत्या पाण्यातून काढली की बसते, म्हणून तिला याहूनही कमी. नोव्हेंबर ते एप्रिल या सव्वीस आठवड्यांत आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा किलो भाजी लागते असे धरले, तर हिवाळ्याची बेगमी सव्वीस किलोंची झाली, म्हणजे फार तर चाळीस लिटरांची! दुप्पट खाणारे घर असले तरी शंभर लिटरांचा फ्रीझर भाजीपुरता भरपूर होतो. तीनशे लिटरांची पेटी घेऊन ती निम्मी रिकामी चालविण्यात वर्षभर विजेचे देयक भरण्यापलीकडे काही साधत नाही.

मग अडचण कोठे येते? ती येते ऑगस्ट महिन्यात. मळा हप्त्याहप्त्याने देत नाही; चार दिवस काही नाही आणि पाचव्या दिवशी दहा किलो शेंगा! भाजीत दहापैकी नऊ भाग पाणी असते. वीस अंशांवरील पाणी शून्य अंशापर्यंत थंड करण्यास जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या जवळजवळ चौपट उष्णता त्या शून्य अंशाच्या पाण्याचा बर्फ करण्यास काढावी लागते. दहा किलो ताजी भाजी एकदम आत टाकली, तर यंत्र शून्य अंशापाशीच तासन् तास अडखळते. या सावकाश गोठण्यात बर्फाचे मोठमोठे स्फटिक तयार होतात. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. पेशींच्या भिंती फाटतात. जानेवारीत शेंग कढईत पडली की तिचा लगदा होतो. त्याशिवाय आधीपासून ठेवलेली भाजीही या ताज्या भाजीच्या उबेने मऊ पडते ते वेगळेच.

म्हणून फ्रीझर पाहताना लिटरांचा आकडा दुय्यम मानावा आणि 'चोवीस तासांत किती किलो गोठवितो' हा आकडा विचारावा. मार्च २०२१ पासून युरोपात जी नवी ऊर्जापट्टी लागू झाली तिच्यावर वर्षाला लागणारे विजेचे युनिट, आतील लिटर आणि आवाज एवढेच दिसते. किलोंचा आकडा यंत्राच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. विक्रेत्याकडून तो मागून घेण्यात संकोच धरू नये. ढोबळ नियम असा की दर पंचवीस लिटरांमागे दिवसाला एक किलोपेक्षा अधिक ताजी भाजी घालू नये. शंभर लिटरांच्या फ्रीझरात दिवसाला चार किलो. उरलेल्या सहा किलो शेंगा एक-दोन दिवस साध्या फ्रिजमध्ये खुशाल थांबतात. शीघ्र गोठविण्याचे बटण असल्यास ते भाजी घालण्याच्या बऱ्याच आधी दाबावे. दारावर चार तारे असावेत. तीन ताऱ्यांचा कप्पा उणे १८ अंश राखतो खरा, पण ताजा माल गोठविण्याची हमी देतो तो चौथा ताराच.

यानंतरचा प्रश्न जागेचा. आमच्या मते निम्मी निवड यातच होऊन जाते. येथील घरे अरुंद, जिने उभे, स्वयंपाकघरे लहान. साहजिकच फ्रीझरची रवानगी परसातील शेडमध्ये होते. पुष्कळदा नवा फ्रिज आला म्हणून जुना फ्रिज-फ्रीझर जोडीचा संच तेथे नेऊन ठेवतात. थंड जागी थंडीचे यंत्र चांगलेच चालेल, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात घडते ते उलटे. अशा पुष्कळ संचांत तापमान पाहणारा थर्मोस्टॅट एकच असतो, आणि तो खालच्या किंवा वरच्या फ्रिजच्या कप्प्यात बसविलेला असतो. त्या कप्प्याला हवे असतात चार-पाच अंश. लायडनला जानेवारीचे सरासरी तापमान तीन-चार अंशांच्या आसपास असते. शेडच गार झाली की थर्मोस्टॅटला वाटते, आपले काम झाले. कॉम्प्रेसर स्वस्थ बसतो. आणि शेजारचा फ्रीझरचा कप्पा हळूहळू शेडच्या तापमानावर येतो. बाहेर हिमवृष्टी चालू असता आत भाजी वितळत असते! मे महिन्यापासून केलेली पेरणी, खुरपणी, तोडणी आणि निवडणी एका आठवड्यात अशी वाया जाते, आणि दार उघडीपर्यंत घरात कोणास त्याचा पत्ताही नसतो.

हे टाळण्यासाठी यंत्राच्या आतील पट्टीवरील हवामानाची अक्षरे वाचावीत. 'एसएन' म्हणजे सभोवार १० ते ३२ अंश, 'एन' म्हणजे १६ ते ३२, 'एसटी' म्हणजे १६ ते ३८ आणि 'टी' म्हणजे १६ ते ४३ अंश. यांपैकी एकही अक्षर डच हिवाळ्यातील उघड्या शेडला लागू पडत नाही, हे ध्यानात यावे. शेडशिवाय गत्यंतरच नसेल तर केवळ फ्रीझरच असलेले स्वतंत्र यंत्र घ्यावे, आणि तेही ज्याचा उत्पादक उणे १५ अंशांपर्यंतच्या थंडीत चालण्याची लेखी हमी देतो असेच; अशी यंत्रे मिळतात. माळ्यावर ठेवणारांची अडचण याच्या उलट असते. २५ जुलै २०१९ रोजी या देशात प्रथमच चाळीस अंशांच्या वर पारा गेला, त्या दिवशी कौलांखालच्या खोल्यांत काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. माळ्यासाठी 'टी' अक्षर पाहावे.

आडवी पेटी घ्यावी की उभे कपाट? शास्त्र पेटीच्या बाजूचे आहे: थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती पेटीत बसून राहते, कपाटातून मात्र पायांवर ओघळते. परंतु शास्त्र भाजी काढावयास येत नाही. पेटीच्या तळाशी गेलेली पिशवी काढण्यासाठी कमरेत वाकून अर्धे सामान उपसावे लागते. यंत्र कोण विकत घेतो याचा विचार बाजूला ठेवून, रोज सकाळी त्यातून भाजी कोण काढते, ते पाहावे. त्या घरच्या आजी असतील तर खणांचे उभे कपाटच योग्य, मग दोन युनिटे अधिक का लागेनात. आपोआप बर्फ काढणारी यंत्रे सोयीची खरी. पण त्यांतील फिरती कोरडी हवा सैल बांधलेल्या भाजीतील ओलावा शोषते, म्हणून पिशव्यांतील हवा नीट काढून तोंड घट्ट बांधावे.

यंत्र कितीही उत्तम असले तरी कच्ची भाजी तशीच गोठविली तर काही महिन्यांत तिचा रंग आणि चव जाते, कारण गोठलेल्या अवस्थेतही भाजीतील विकरांचे कार्य मंदगतीने चालूच असते. म्हणून शेंगा उकळत्या पाण्यात तीन मिनिटे, माठ-पालक दोन मिनिटे, लहान भेंडी तीन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी, निथळून कोरडी करावी, आणि तारीख घालून एका जेवणापुरत्या चपट्या पिशव्यांत भरावी. मिरच्यांना हा संस्कार लागत नाही. लाल भोपळा शिजवूनच ठेवावा. काकडी गोठविण्याच्या भानगडीत पडू नये. एवढे केलेली भाजी उणे १८ अंशांवर आठ ते बारा महिने चांगली राहते.

वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. काठोकाठ भरलेला फ्रीझर बंद ठेवल्यास सुमारे दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. आपण परगावी असता काय घडले हे कळण्यास एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून वर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे बर्फावर असेल तर चिंता नाही. ते बर्फाच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले असे समजावे, आणि ती भाजी ताटात येऊ देऊ नये.

या देशात मेच्या मध्यास 'हिमसंतांचे' दिवस येतात. ते गेल्यावाचून कारल्या-मिरचीची रोपे बाहेर लावीत नाहीत. तोपर्यंत मागील वर्षाच्या पिशव्या संपवीत आणाव्यात. फ्रीझर रिकामा असतो तो याच आठवड्यात. तेव्हा तो बंद करून आतील बर्फ वितळू द्यावा, दाराच्या रबरी पट्टीवर कागदाचा तुकडा धरून ती घट्ट बसते की नाही ते पाहावे, आणि कोरडा पुसून पुन्हा चालू करावा.