सत्तर वर्षांचं इंजिन, पुन्हा पाण्यात

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकीत होडीच्या मागे लावायचं आपलं आउटबोर्ड इंजिन बाजारात आणलं. ताकद जेमतेम दीड हॉर्सपॉवर! १९५०च्या दशकातली एव्हिनरूड आणि जॉन्सन इंजिनं मात्र अमेरिकेतल्या गॅरेजांत आजही धूळ खात पडलेली सापडतात. १९३६पासून दोन्ही नावं एकाच कंपनीची, त्यामुळे बरेच सुटे भाग एकमेकांना चालतात.

बंद पडलेलं असं इंजिन बहुधा मेलेलं नसतं. फ्लायव्हील जाम असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतात आणि थांबतात. इथे जोर लावणारा हमखास पस्तावतो.

खरी गंमत फ्लायव्हीलच्या खाली. त्या काळच्या इग्निशन कॉइलचं आवरण तडकतं आणि ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. कॉइल बदलायची, पॉइंट घासून स्वच्छ करायचे, त्यांच्यातली फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायची. निम्मं काम इथेच होतं.

कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर असतो. बुचाच्या लाकडाचा फ्लोटही तपासावा. त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे निघतो.

तेलाचं प्रमाण अंदाजाने नको. या इंजिनांपैकी बहुतेकांना २४ भाग पेट्रोलला एक भाग टू-स्ट्रोक तेल लागतं, तर जुन्या ब्रिटिश सीगल इंजिनाला तब्बल दहास एक! धूर किती, विचारू नका.

पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर नवा बसवल्याशिवाय आणि इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवल्याशिवाय दोरी ओढू नका. कोरडं चालवलं की इंपेलर लगेच जातो.