‘हॅटट्रिक’ : घटक आणि अर्थ

‘हॅट’ म्हणजे टोपी आणि ‘ट्रिक’ म्हणजे करामत, हे तुम्ही जाणता. परंतु या दोहोंच्या बेरजेतून ‘हॅटट्रिक’चा अर्थ उलगडत नाही. १८५८ साली शेफील्ड येथील क्रिकेट सामन्यात एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट देण्यात आली. शब्दाचा उगम सामान्यतः याच प्रसंगात मानतात. पुढे टोपी विसरली गेली. फुटबॉलने तर लागोपाठपणाची अटही सोडली; सलग तिसऱ्यांदा निवडून आलेल्या उमेदवाराची ‘हॅटट्रिक’ सांगणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांनी मात्र ती पाळली आहे. व्युत्पत्ती आणि रूढी जुळतात म्हणून ‘पंकज’ला आपण योगरूढ म्हणतो; कमळ आजही चिखलातच उगवते. ‘हॅटट्रिक’मध्ये टोपी उरलेलीच नाही, तेव्हा तो शब्द रूढच म्हणावा लागेल.